धुरकट खाडीचं तिसरं वळण

मेझेन नदीच्या मुखावरच्या शेल्या गावात गलबतं हाकणाऱ्या तांडेल लोकांची एक रीत होती. पानगळीच्या दिवसांत गलबतं उत्तरेकडून परतली, की पहिल्या रविवारी म्हातारे तांडेल चर्चच्या ओसरीत बाकावर बसत आणि परतलेल्या प्रत्येकाने त्यांच्यासमोर उभं राहून काय पाहिलं ते सांगायचं. कुठे किती वाव खोल पाणी, कुठला खडक ओहोटीला डोकं वर काढतो, बर्फ कुठवर उतरला होता. लिहिता येणारा एक जण ते सगळं वहीत उतरवी. त्या वहीच्या नकला किनाऱ्यावरच्या गावोगावी जात. वहीत काय आहे ते वाचून माणसं गलबत पाण्यात लोटत, आणि वहीवर शंका घ्यायची कुणाच्या मनातही येत नसे.

सावाती कोर्गिन त्या ओसरीत तांडेल म्हणून पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा बाप येर्मिल हा त्या किनाऱ्यावरचा सगळ्यांत नावाजलेला तांडेल. नोवाया झेम्ल्याच्या बेटांवर त्याच्या हातचे चार क्रूस अजून उभे होते, आणि धुक्यातून वाट काढणारे ते क्रूस शोधत. अशा बापाचा मुलगा पहिल्याच सफरीहून जवळजवळ रिकामा परतला होता. वॉलरस मिळाले ते जेमतेम सात. बरोबरचा कोंद्रात नावाचा म्हातारा दात सडून, पाय सुजून वाटेतच गेला. ओसरीतल्या म्हाताऱ्यांच्या नजरा सावातीला बोचत होत्या.

“वरच्या बेटाला एक खाडी सापडली,” तो म्हणाला. “तोंडावर नेहमी धूर असल्यासारखं धुकं असतं. धुरकट खाडी म्हणा. पूर्वेला आत जाते. मी आणि कोंद्रात होडी घेऊन आत गेलो होतो.”

“कुठवर?”

“तिसऱ्या वळणापर्यंत...”

“आणि पुढे? शेवट पाहिलास?”

विचारणारा म्हातारा सहज विचारत होता. सावातीला तिसरं वळण आठवलं. दोन्ही बाजूंना काळे कडे, समोरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे, आणि पूर्वेकडच्या ढगांच्या पोटाला काळपट झाक. मोकळ्या पाण्यावरचं आभाळ असंच काळं दिसतं हे बापाने त्याला लहानपणी शिकवलं होतं. कोंद्रात म्हणाला होता, “चल पुढे, पोरा, आता आलोच आहोत तर बघू.” पण सावाती घाबरला होता. त्याने होडी फिरवली होती. कोंद्रात आता नव्हता.

“पाहिला,” सावाती म्हणाला. “आरपार आहे. पलीकडे मोकळं पाणी.”

बाकावर हालचाल झाली. एकाने टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. पूर्वेच्या समुद्रात जायला दक्षिणेकडची एकच सामुद्रधुनी सगळ्यांना ठाऊक होती, तीही पाच वर्षांत चार वेळा बर्फाने बंद. लिहिणाऱ्याने वहीत ओळ घातली. येर्मिलच्या मुलाने बापापेक्षा मोठं काम केलं असं गावभर झालं. येर्मिल तेव्हा हयात होता. तो त्या दिवशी घरी येऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. सावातीने खरं सांगायचं ठरवलं होतं, पण त्या हाताखाली त्याला तोंड उघडता आलं नाही.

नंतरची वर्षं त्याने जिवावर उदार होऊन काढली. होकायंत्राचा काटा भिरभिरू लागला की लाटेच्या वळणावरून दिशा ओळखायची, दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याला चरबी लावून तळाची वाळू वर आणायची आणि ती बोटांत चोळून आपण कुठे आहोत ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. वीस वर्षांत त्याने एकही माणूस बर्फात गमावला नाही. फक्त धुरकट खाडीच्या बाजूला तो परत कधी फिरकला नाही. शिकारी लोकांना तिकडे जायचं कारणही नव्हतं. तोंडाशी बर्फ असायचा आणि वॉलरस दक्षिणेलाच मिळायचे.

आभाळाची ती काळपट झाक तो मनात इतक्या वेळा आठवत राहिला, की काही वर्षांनी त्याला पलीकडचं पाणीच पाहिल्यासारखं वाटू लागलं.

चौदा वर्षांनी लारियोन त्याच्या दारात आला. फेव्रोन्या म्हातारीचा थोरला. नवं गलबत, सहा जिवलग सोबती, आणि अंगात वारं भरलेलं.

“सावातीदादा, यंदा दक्षिणेची वाट बंद आहे म्हणतात. मी तुमच्या खाडीतून पूर्वेला जातो. आरपार आहे ना नक्की?”

सावाती जाळ्याची गाठ आवळत होता. मान वर न करता म्हणाला, “वहीत लिहिलंय ना.”

“ते आहेच. पण तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.”

“वहीत आहे ते आहे.”

लारियोन हसत गेला. त्या वर्षी तो आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. पूर्वेच्या समुद्रात बर्फाने गलबत चिरडलं असेल असं गावाने ठरवलं. त्या समुद्रात कुणी कुणाला शोधणार? सात जणांच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना झाली. लारियोनचा धाकटा भाऊ फोमा तेव्हा विशीतला होता. तो पुढे सावातीच्याच गलबतावर लागला आणि खोली मोजायच्या दोरीवर त्याच्याइतका भरवशाचा माणूस सावातीला दुसरा मिळाला नाही. फोमा त्याला दादा म्हणायचा. त्या हाकेला ओ देताना सावाती दर वेळी क्षणभर थांबायचा, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अठराशे छत्तीस सालच्या उन्हाळ्यात अर्खांगेल्स्कहून लेफ्टनंट तुरिलिन शेल्याला आला. तिशीतला, सडपातळ, चष्मेवाला माणूस. बेटांच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा करायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने सावातीच्या टेबलावर एक कोरा करकरीत नकाशा पसरला. बेटाच्या मधोमध निळी रेघ आरपार ओढलेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, कोर्गिनचा मार्ग.

“तुझं नाव आहे, सावाती येर्मिलिच,” लेफ्टनंट त्याला बापाच्या नावासकट हाक मारत म्हणाला. “ज्याने वाट शोधली तोच वाटाड्या हवा.”

“हुजूर, ऑगस्ट लागतोय. उशीर झालाय. दक्षिणेच्या वाटेने जाऊ या.”

“तिथून फिरलेलं एक गलबत कालच परत आलंय. बर्फ भरलाय.”

“मग पुढच्या वर्षी जाऊ.”

“मी निघणार आहे. तू नाही आलास तर वहीची नकल आहे माझ्याकडे. तिच्यावर जाईन.”

लेफ्टनंट गेल्यावर सावातीची बायको उस्तिन्या टेबल आवरायला आली. माशाच्या पाईचा तुकडा ताटात तसाच होता.

“सावाती, तू जेवला नाहीस.”

“भूक नाही.”

“एवढ्या वर्षांत समुद्रावर जायच्या आधी तुझी भूक गेलेली मी पाहिली नाही. काय आहे त्या खाडीत?”

“काही नाही.”

“मग नको जाऊस.”

“मी नाही गेलो तर ते माझ्याशिवाय जातील,” तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. त्याने मनाशी बेत केला होता. खाडीच्या तोंडाशी गेल्यावर बर्फाचं, वाऱ्याचं, कशाचं तरी निमित्त काढून गलबत वळवायचं. म्हणजे कुणाला काही सांगावं लागणार नाही.

चौदा माणसं निघाली. लेफ्टनंट, सहा आरमाराचे खलाशी, बाकीचे शेल्याचे. अठराव्या दिवशी धुरकट खाडी समोर आली, आणि सावातीचं नशीब असं की तोंडाशी धूर नव्हता, बर्फही नव्हता. ऊन पडलं होतं, पाणी सपाट होतं. निमित्त काढायला जागाच उरली नाही.

“वा!” लेफ्टनंट म्हणाला. “खाडीने तुला ओळखलेलं दिसतंय, येर्मिलिच.”

पहिलं वळण मागे पडलं. दुसऱ्या वळणाशी पोचेपर्यंत वारा फिरून पश्चिमेकडून वाहू लागला आणि वाढला. शिडं फुगली, गलबत आत पळू लागलं. तेवढ्यात डोलकाठीवर चढलेल्या फोमाने हाक दिली.

“मागे बर्फ! तोंडाशी बर्फ येतोय!”

सगळे वळून पाहू लागले. खाडीच्या तोंडाशी पांढरी रेघ उमटली होती आणि ती पाहता पाहता जाड होत होती. वारा बाहेरच्या समुद्रातला सगळा बर्फ खाडीत लोटत होता. खलाशी एकमेकांकडे पाहायला लागले. लेफ्टनंटने दुर्बीण मिटली.

“मागचं दार लागलं तर लागू दे. आपल्याला पुढच्या दाराने जायचंय. येर्मिलिच, किती राहिलं?”

सावाती पाण्याकडे पाहत होता. गलबताच्या बाजूने एक निळा तुकडा वाहत गेला. समुद्रात गोठलेला बर्फ असा निळा नसतो. तुकड्याच्या पोटात मुठीएवढे दगड रुतलेले होते. मागून तसाच दुसरा आला. पाण्याचा रंग दुधात राख कालवल्यासारखा झाला होता. सावातीने सुकाणू शेजारच्याच्या हातात दिलं, दोरीला बांधलेली बादली टाकली, वर ओढली आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

पाणी जवळजवळ गोडं होतं.

दगड पोटात घेऊन येणारा बर्फ डोंगरावरून उतरतो. पाणी गोडं होतं ते वितळत्या हिमनदीमुळे. पलीकडे समुद्र असता तर पलीकडून खारं पाणी आलं असतं, भरती-ओहोटी दोन्ही बाजूंनी जाणवली असती. एकवीस वर्षांपूर्वी तिसऱ्या वळणावर हेच तुकडे त्याच्या होडीला घासून गेले होते आणि भीतीच्या भरात त्याने ते नीट पाहिलेही नव्हते. आणि ती आभाळातली काळी झाक? उघड्या काळ्या डोंगरावरचं आभाळही काळंच दिसतं.

लारियोन. तो याच पाण्यातून पुढे गेला होता.

“हुजूर, गलबत वळवा,” सावाती म्हणाला.

“काय?”

“पुढे वाट नाही. खाडी बंद आहे. शेवटी हिमनदी आहे.”

लेफ्टनंटने चष्मा काढला. “तू स्वतः इथून पलीकडे जाऊन आलास. वहीत लिहिलंय.”

“मी गेलो नव्हतो.”

वाऱ्याचा आवाज होता, पण चौदाही जणांना ते ऐकू गेलं.

“पुढच्या वळणावरून मी परत फिरलो. घाबरलो होतो. ओसरीत विचारलं तेव्हा खोटं बोललो. एकवीस वर्षं खोटं बोलतोय. पुढे काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. पण आता पाणी सांगतंय, पुढे काही नाही.”

फोमा डोलकाठीवरून खाली उतरत होता. तो अर्ध्यावर थांबला. मग सावकाश खाली आला आणि सावातीच्या समोर उभा राहिला.

“लारियोनने तुला विचारलं होतं,” तो म्हणाला. आजवर त्याने सावातीला कधी अरेतुरे केलं नव्हतं. “तुझ्या दारात येऊन विचारलं होतं. मी अंगणात उभा होतो.”

“हो.”

“तू काय म्हणालास?”

“वहीत लिहिलंय म्हणालो.”

फोमाने हात उगारला. एका खलाशाने त्याला मागून धरलं. सावाती जागचा हलला नाही.

“पुरे!” लेफ्टनंट ओरडला. “भांडणं गावात जाऊन करा. कोर्गिन, तू खोटारडा आहेस हे तूच सांगितलंस. मग आताच्या तुझ्या शब्दावर मी माझं गलबत त्या बर्फात का घालू? उद्या कळायचं की खाडी आरपार होती आणि तुला नुसती घरची आठवण आली होती.”

“माझ्या शब्दावर नको, हुजूर.” सावातीने बादली पुढे केली. “चाखून बघा.”

लेफ्टनंटने बादलीकडे पाहिलं. मग वाकून घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि थुंकला नाही, गिळला. त्याने आणखी एक घोट घेतला. मग त्याने बादली खाली ठेवून पूर्वेकडे पाहिलं.

“बाहेर पडता येईल?” त्याने विचारलं.

“दक्षिणेच्या कड्याखाली ओढे उतरतात. त्यांचं पाणी बर्फाला काठापासून थोडं लांब ठेवतं. अर्ध्या तासात ओहोटी लागेल. ती सहा तास आपल्याला बाहेर ओढेल. वारा तोंडावर आहे, शिडं उतरवायची, होड्या पुढे बांधून वल्ह्यांनी ओढायचं. कड्याखाली खडक आहेत. किती, ते मला माहीत नाही.”

“हे तरी खरं सांगतोयस.”

“हो, हुजूर.”

गलबत वळलं. दोन होड्यांत प्रत्येकी चार माणसं वल्ही घेऊन बसली. बाकीचे हातात लांब वासे घेऊन कडेला उभे राहिले. खोली मोजायला नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, फोमा हवा होता. दुसरं कुणी ते करू शकलं नसतं. सावातीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फोमा स्वतःच दोरी उचलून पुढे गेला.

कड्याखालची वाट गलबताच्या रुंदीपेक्षा जेमतेम दुप्पट होती. एका हाताला काळा ओला दगड, दुसऱ्या हाताला करकरत सरकणारा बर्फ. कड्यावरचे पक्षी एवढा कालवा करत होते की हाका मारून बोलावं लागत होतं. फोमाने शिसं टाकलं. दोरी सरसर गेली, ताणली, त्याने वर ओढली. बोलला नाही.

“फोमा, खोली!” सावाती ओरडला.

फोमाने पुन्हा शिसं टाकलं. पुन्हा वर ओढलं. पाठ फिरवून उभा होता तो. होड्यांमधली माणसं वल्ही थांबवून वर पाहू लागली. ओहोटी गलबताला पुढे नेतच होती.

“फोमा! माझ्यासाठी नको. यांच्यासाठी सांग!”

पक्ष्यांचा कालवा. बर्फाचा एक सुळका गलबताच्या कुशीला खरडत गेला आणि लाकूड कण्हल्यासारखं वाजलं.

“तीन वाव,” फोमा म्हणाला. आवाज कोरडा होता. “तळ दगडी. डावीकडे उथळ होतंय.”

सावातीने गलबत उजवीकडे घेतलं. फोमाने चुकीचं सांगितलं असतं तर गलबत खडकावर गेलं असतं, आणि फोमाशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं की ते चुकून झालं की मुद्दाम. सावातीला हे ठाऊक होतं. फोमालाही होतं.

“अडीच.”

“दोन.”

“दोनला कमी. दोनला कमी! थांबा!”

गलबताचा तळ घासला. सगळे पुढे कोलमडले. बाजूचा बर्फ लगेच अंगावर आला आणि त्याने गलबताला कड्याकडे दाबायला सुरुवात केली. लेफ्टनंटने कोट काढून फेकला आणि वासा घेऊन खलाशांच्या रांगेत उभा राहिला. सावातीने नांगर होडीतून पुढे नेऊन बर्फाच्या एका मोठ्या लादीत रुतवायला सांगितला आणि दोरावर सगळ्यांना जुंपलं.

“ओढा! पाणी उतरतंय, अजून उतरलं तर इथेच बसावं लागेल! ओढा रे!”

तिसऱ्या ओढीला गलबत हललं. पाचव्याला खडकावरून सुटलं. सुटताना सुकाणू दगडावर आपटलं आणि त्याच्या दांड्याचा असा तडाखा सावातीच्या बरगड्यांवर बसला की तो गुडघ्यांवर आला. तो उठला, दांडा पुन्हा धरला. तोंडात रक्त आलं होतं, ते त्याने बाहीला पुसलं.

“खोली?”

“चार वाव,” फोमा ओरडला. “मोकळं होतंय.”

असे साडेपाच तास गेले. फोमाची हाक एकदाही पुन्हा थांबली नाही. खाडीच्या तोंडाशी कड्याला वळसा घालून गलबत बाहेर पडलं तेव्हा होड्यांमधल्या माणसांचे तळहात सोलून निघाले होते. मागे पाहिलं तर आत आलेली वाट कुठे होती हे दाखवता आलं नसतं, सगळं पांढरं झालं होतं. लेफ्टनंट सावातीपाशी आला. त्याने नकाशावरच्या निळ्या रेघेचा अर्धा भाग सुरीने खरवडून काढला आणि आत गेला.

परतीच्या वाटेवर शेल्याची माणसं सावातीशी कामापुरतंच बोलली. फोमा तेवढंही बोलला नाही.

गावात पोचल्यावर सावाती घरी गेला नाही. मोडक्या बरगडीवर हात दाबून तो सरळ फेव्रोन्या म्हातारीच्या घरी गेला. फोमा त्याच्या आधी पोचला होता आणि शेगडीपाशी पाठ करून उभा होता. सावाती टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला आणि सगळं सांगितलं. कोंद्रातचं, ओसरीचं, बापाच्या हाताचं, जाळ्याच्या गाठीचं. काही राखून ठेवलं नाही.

म्हातारी बाकावर बसून ऐकत होती. तिच्या हातातली लोकरीची चाती फिरायची थांबली होती.

“म्हणजे तो पूर्वेच्या समुद्रात गेलाच नाही,” ती शेवटी म्हणाली.

“नाही, माई. जाऊच शकला नसता.”

“म्हणजे तो त्या खाडीतच आहे.”

सावातीने होकारार्थी मान हलवली.

“सात वर्षं मी रोज पूर्वेकडे तोंड करून त्याच्यासाठी प्रार्थना करते. केवढा तो समुद्र! कुठल्या कोपऱ्यात असेल ते कळायचं नाही. आणि तू आता सांगतोस की तो एका बंद खोलीत आहे.” ती उठली. उंचीने ती सावातीच्या खांद्याएवढीही नव्हती. “तुला शिव्या द्यायला मला पुष्कळ दिवस आहेत. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मुलाला घेऊन ये.”

“आई, मी याच्याबरोबर जाणार नाही,” फोमा म्हणाला.

“मग तुला वाट कोण दाखवणार? जाशील तू. आणि वाटेत याला समुद्रात ढकलू नकोस, निदान जाताना तरी.”

तो हिवाळा सावातीने स्लेजवर काढला. ज्या ज्या गावात वहीची नकल होती तिथे जाऊन, ती मागून घेऊन, आपल्या हाताने ती ओळ खोडली आणि बाजूला खरं लिहून खाली सही केली. काही घरांत त्याला चहा मिळाला. काही घरांत वही दाराबाहेर आणून दिली गेली आणि दाराबाहेरच परत घेतली गेली. एका गावात एका तांडेलाने त्याच्या तोंडावर सांगितलं, “यंदा मी तिथूनच जाणार होतो.” सावाती म्हणाला, “म्हणूनच आलो.” उस्तिन्या त्याच्याबरोबर स्लेज हाकायला जात असे. ती त्याच्यावर रागावली होती, आणि तो राग तिने लपवलाही नाही, पण रेनडियर एकट्याने हाकायचे दिवस त्याचे राहिले नव्हते.

जुलैच्या शेवटी सावाती आणि फोमा सहा माणसांसकट धुरकट खाडीत शिरले. या वेळी बर्फ नव्हता. तिसरं वळण आलं. गलबत वळलं, आणि समोर बर्फाची भिंत उभी होती. निळी, तडकलेली, गलबताच्या डोलकाठीच्या तिप्पट उंच. तिच्या मागे उघडे काळे डोंगर, आणि त्यांच्यावरच्या ढगांना तीच काळपट झाक.

वळणाच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून मैलभर अलीकडे, काठावर एक क्रूस होता. गलबताच्या फळ्यांचा केलेला. त्याच्यावर अक्षरं कोरलेली होती, वाऱ्याने झिजलेली पण वाचता येण्यासारखी. पुढे वाट नाही. परत फिरा. लारियोन.

क्रूसामागे सहा थडगी होती आणि एक झोपडी. दार आतून लोटलेलं होतं. फोमा दारापाशी जाऊन थांबला. त्याने मागे वळून पाहिलं.

“तू आधी जा,” तो सावातीला म्हणाला. “मला जमत नाही.”

सावाती वाकून आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, “ये. झोपल्यासारखा आहे.”

भिंतीवर दिवसांच्या खुणा होत्या. फोमाने त्या बोट ठेवून मोजल्या. पाचशे अकरा. शेवटच्या ओळीतल्या खुणा वाकड्या, उथळ होत गेल्या होत्या. लारियोनच्या मांडीवर एक लहानसं लाकडी ताट होतं आणि त्यावर त्याने सुरीने सहाही जणांची नावं आणि ते गेले ते दिवस कोरले होते. सातवं नाव कोरलेलं नव्हतं.

सहा जणांना त्यांनी होते तिथेच राहू दिलं. थडग्यांवर नवे दगड रचले. लारियोनला शिडाच्या कापडात गुंडाळून गलबतात घेतलं.

परतीच्या अकराव्या दिवशी फोमा सुकाणूपाशी येऊन उभा राहिला.

“पाचशे अकरा दिवस,” तो म्हणाला. “तू तेव्हा काय करत होतास?”

“मासे पकडत होतो. तुला खोली मोजायला शिकवत होतो.”

फोमाने मान हलवली. तो परत दोरीकडे गेला.

लारियोनला शेल्याच्या चर्चमागे पुरलं. संध्याकाळी घरी जेवण होतं, सगळा गाव आला होता. सावाती अंगणाच्या बाहेर, कुंपणाला टेकून उभा होता. फेव्रोन्याने त्याला आत बोलावलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

“आता सांग,” ती म्हणाली. “कसा दिसत होता तो? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.”

सावातीने सांगितलं. तोंडावरची कातडी कशी झाली होती, दात किती उरले होते, अंगावर तीन कोट कसे होते आणि त्यातले दोन दुसऱ्यांचे. बोटं कशी वाकली होती. दाराला आतून फळी लावलेली नव्हती, फक्त लोटलेलं होतं, हेही सांगितलं. म्हातारी मधेमधे विचारत राहिली. केस केवढे होते? डोळे मिटलेले होते का? तो उत्तर देत राहिला. काही बायका रडत होत्या. फोमा खिडकीबाहेर पाहत होता.

सगळं ऐकून झाल्यावर म्हातारी म्हणाली, “डोळे मिटलेले होते ना नक्की?”

“एक मिटलेला होता, माई. दुसरा अर्धा.”

तिने मान डोलावली, त्याच्यापुढे माशाची पाई सरकवली आणि म्हणाली, “खा.”

सावाती त्यानंतर बारा वर्षं जगला. तांडेल म्हणून त्याला परत कुणी बोलावलं नाही, त्यानेही मागितलं नाही. शेवटची सहा वर्षं तो फोमाच्या गलबतावर साधा खलाशी म्हणून गेला. दोघांत कधी समेट झाला असं कुणी म्हणत नाही. फोमा त्याला आपल्याबरोबर का नेत असे, हे गावाने पुष्कळदा विचारलं. फोमा एवढंच सांगे, की उत्तरेला धुकं पडलं की कुठल्या बाजूला पाणी गोडं होतंय हे ओळखणारा दुसरा माणूस त्याच्याकडे नाही.